चालू स्थितीत ताबा

दुष्काळात माणूस गाव सोडतो, जनावरं सोडतो, वेळ आली तर बायकोला चार महिने माहेरी सोडतो. पण नोकरी सोडत नाही. निदान तांदळगावात तरी सत्याऐंशी सालापर्यंत कुणी सोडली नव्हती. त्यामुळे त्या मार्च महिन्यात विरुपाक्षआप्पांनी उपसा सिंचन संस्थेच्या पंपचालकाच्या जागेचा राजीनामा दिला, तेव्हा तो कुणी वाचलाच नाही. संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांनी कागद हातात घेतला, खालची सही पाहिली, रजेचा अर्ज दिसतोय म्हणाले आणि आठ दिवसांची रजा मंजूर करून टाकली.

आठ दिवस आप्पा घरी बसले. बसणं हीच तर त्यांची मूळ तक्रार होती.

तांदळगाव म्हणजे चौसाळ्याहून दोन कोसांवरचं गाव. नावात तांदूळ आहे, पण गावानं तो लग्नाच्या अक्षतांपलीकडे फारसा पाहिलेला नाही. गावाखाली तलाव, तलावाच्या पोटात संस्थेची विहीर, विहिरीवर पंपाची खोली. पंपानं पाणी उचलायचं, पाइपानं चढावर न्यायचं, माळावरच्या मोठ्या हौदात टाकायचं आणि तिथून पाटानं उसाला द्यायचं, अशी योजना होती. पहिली चार वर्षं ती चाललीही. त्या काळी आप्पांनी बटण दाबलं की वर माळावर लोक टोपी काढून पाण्याच्या पाया पडत. मग पाऊस रुसला. तलावाला भेगा पडल्या, ऊस गेला, पाट बुजले. राहिला पंप, आणि पंपाचे आप्पा.

आप्पा रोज सकाळी आठला खोली उघडत. पंपाचा दांडा हातानं फिरवून ठेवत, नाहीतर तो गंजून धरतो. वंगण घालत, पंपावरची पितळी पट्टी पुसत आणि दाराशी येऊन बसत. संध्याकाळी कुलूप लावत. अशी तीन वर्षं. या तीन वर्षांत त्यांच्या हातून एक गोष्ट घडली. ते लिहायला-वाचायला शिकले. आधी पट्टीवरची अक्षरं, मग खताच्या पोत्यांवरची, मग निवडणुकीच्या वेळी भिंतीवर रंगवलेली. पंचावन्नाव्या वर्षी माणूस अक्षर शिकतो ते हौसेनं नव्हे. बघण्यासारखं दुसरं काही उरलं नाही की शिकतो.

बिघडलं ते केशरबाईमुळे. केशरबाई माळवस्तीवरची. वस्तीला जाणारा चढ असा की पंचायत समितीचा टँकर वर चढेना. तो खाली पंपाच्या खोलीजवळ थांबे, आणि बाया दोन दोन हंडे घेऊन अर्धा कोस चढत. एके दिवशी केशरबाईनं हंडा आप्पांच्या ओट्यावर टेकवला आणि म्हणाली, "आप्पा, जरा हंडा डोक्यावर द्या. तुमाला तर काय काम हाय?"

तिनं टोमणा मारला नव्हता. खरोखर विचारलं होतं. आप्पांनी हंडा उचलून दिला, आणि ती चढावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग खताच्या पोत्याआड ठेवलेला कोरा कागद काढला आणि लिहिलं, 'संस्थेत मला काम नाही, म्हणून मी नोकरी सोडत आहे.' बेत साधा होता. रोजगार हमीवर नालाबंडिंगचं काम निघालं होतं. तिथं जाऊन दगड फोडायचे. निदान संध्याकाळी हात दुखतील.

रजा संपल्यावर आप्पांनी तोच मजकूर पुन्हा लिहून दिला. या वेळी मात्र सुंदररावांनी कागद वाचला. एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग संस्थेचे सचिव विठ्ठलराव यांना बोलावून दार लावून घ्यायला सांगितलं.

"ह्ये कुणी लिवलंय?"

"मीच," आप्पा म्हणाले.

"एकबी चूक न्हाई. विनंती विशेष न्हाई, कृपावंत न्हाई. सरळ मुद्द्याला हात. असला कागद शिकल्याला माणूस लिवतो. कोन हाय तो?"

आप्पांनी पितळी पट्टीची आणि खताच्या पोत्यांची हकीकत सांगितली. सुंदररावांनी ती ऐकून घेतली आणि त्यातलं काही मानलं नाही. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात विचारलं की नोकरी कावून सोडता. आप्पा म्हणाले, काम न्हाई म्हणून.

"अवो आप्पा," सुंदरराव कळवळून म्हणाले, "काम न्हाई म्हणूनच तर लोक नोकरीसाठी झुरत्यात."

सुंदररावांचा संशय उगाच नव्हता. संस्थेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. जागा भरलेली असली की तिच्यावर एकच माणूस बसतो आणि बाकीचे त्याला शिव्या देतात. जागा रिकामी झाली, की ती एकाला द्यावी लागते आणि उरलेले चेअरमनला शिव्या देतात. निवडणुकीच्या तोंडावर जागा रिकामी करणं हे पंपचालकाचं डोकं नव्हे. हे विरोधी पॅनलच्या राधाकिशनचं डोकं, याबद्दल त्यांची खात्री पटली. तिकडे राधाकिशनलाही बातमी पोचली, आणि त्याची खात्री पटली की पंपात काहीतरी काळंबेरं असल्याशिवाय चेअरमन आपल्या माणसाला असा गुपचूप हलवणार नाही. दोघांपैकी एकालाही आप्पांचं वाक्य पुरेसं वाटलं नाही.

घरी जगदेवीबाईंचा संशय वेगळ्या वाटेचा होता. नवरा चहा तसाच ठेवतो, एकटक बघतो, वर कागदावर काहीबाही लिहितो. ही लक्षणं कपिलधारच्या मठात जाऊन कायमचं बसणाऱ्या माणसाची, असं शेजारच्या मंजुळाबाईंनी तिला सांगितलं होतं. मंजुळाबाईंचा एक चुलत दीर असाच गेला होता. तो तिसऱ्या दिवशी परत आला ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही. तेव्हापासून जगदेवीबाईंनी आप्पांची चांगली धोतरं पेटीत घालून किल्ली कमरेला लावली. नोकरी सोडायला निघालेला माणूस आता ठिगळाच्या धोतरावर हिंडू लागला, त्यामुळे गावाला वाटलं, सोडण्याआधीच ह्याचं दिवाळं वाजलेलं दिसतंय.

गावाचा सल्ला तर असा येऊ लागला की पाण्याऐवजी तोच पाइपानं माळावर न्यावा. कुणी म्हणालं, मूळव्याध असेल, बसवत नसेल, ताक प्या. कुणी म्हणालं, खोलीत काही दिसलं असेल तर लिंबू उतरवा. सटवा नावाचा एक गडी सगळ्यांत हुशार निघाला. त्यानं हिशोब मांडला की जो माणूस तीन वर्षं तलावात एकाच जागी बघत बसतो आणि एके दिवशी उठून नोकरी सोडतो, त्याला त्या जागी काय दिसलं असेल? सटवानं आप्पांच्या ओट्यावर बसून नजरेची रेघ ओढली आणि कोरड्या तलावात ती जिथं पोचली तिथं कुदळ घातली. दुसऱ्या दिवशी तिथं नऊ जण खणत होते. धनाचा हंडा निघाला नाही. एक फुटकी घागर निघाली, तिच्यावरून दोघांचं भांडण झालं, आणि आप्पांनी आतला माल आधीच हलवल्याचं सर्वांच्या मते सिद्ध झालं.

इकडे संस्थेनं उपाय सुरू केले. पहिला उपाय गोड होता. विठ्ठलराव हातांची खुर्ची घेऊन पंपावर आले आणि संस्थेनं तुम्हाला आजपासून मुख्य पंपचालक केलंय असं म्हणाले. आप्पांनी विचारलं की मुख्य म्हणजे कुणाकुणाचा. विठ्ठलरावांनी खोलीत चहूकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं आणि विषय बदलला. खुर्चीत आप्पांनी एकदा बसून बघितलं. ती ओट्यापेक्षा मऊ होती, त्यामुळे बसल्याची जाणीव जास्तच होत होती.

दुसरा उपाय सत्काराचा. सुंदररावांनी शाल-नारळ देऊन 'निष्ठावंत सेवक' म्हणून भाषण केलं, आणि निष्ठा या शब्दावर राधाकिशनकडे बघितलं. आप्पांनी आभार मानले आणि नारळाबरोबर राजीनाम्याची तिसरी प्रत दिली.

तिसरा उपाय मग कडू निघाला. आप्पांना कारणे दाखवा नोटीस आली. कारण न सांगता सेवा सोडण्याचं कारण काय, ते सात दिवसांत लेखी कळवावं. आप्पांनी लेखी कळवलं, 'काम नाही.' त्यावर विठ्ठलरावांनी शेरा मारला, 'खुलासा समाधानकारक नाही. कारण खरे वाटत नाही.'

आप्पांना खरा घाव बसला तो इथं. तीन वर्षं लोकांनी त्यांना रिकामटेकडा म्हटलं होतं, ते त्यांनी सोसलं होतं. आता ते स्वतः तेच लिहून देत होते, तर कुणी कबूल करत नव्हतं. बाजारच्या दिवशी कुणी भेटला की एक डोळा बारीक करून विचारी, "आप्पा, आमाला तर सांगा." रोजगार हमीच्या मुकादमानंही त्यांना हातोडा द्यायला नकार दिला, सोसायटीचा माणूस दगड फोडायला येतो म्हणजे तपासणीला आला असणार, असं तो समजला. त्यानं आप्पांना झाडाखाली बसवलं आणि चहा मागवला. आप्पा पुन्हा बसलेले ते बसलेलेच.

दरम्यान जागेसाठी अर्ज येऊ लागले. जागा रिकामी झालेली नव्हती, तरी अडतीस अर्ज आले. सटवाचा पहिला. सुंदररावांनी प्रत्येकाला एकट्यात घेऊन सांगितलं, आप्पा गेले तर जागा तुझीच, पण कुणाला बोलू नको. अडतीस जणांनी हे गुपित इतकं नेटानं पाळलं की चौसाळ्याच्या हॉटेलातही त्याची चर्चा झाली.

शेवटी विठ्ठलरावांनी पोटनियमांचं पुस्तक काढलं. संस्था निघाली तेव्हा ते कुणीतरी दुसऱ्या संस्थेचं उतरवून घेतलेलं होतं आणि त्यानंतर उघडलेलं नव्हतं. त्यात सेवा सोडण्याविषयी एक कलम सापडलं. कर्मचाऱ्यानं आपल्या ताब्यातील यंत्र चालू स्थितीत, प्रत्यक्ष पाणी काढून दाखवून, संस्थेच्या ताब्यात द्यावं. मगच त्याला मोकळं करावं.

सुंदररावांनी ते कलम तीन वेळा वाचून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तजेला आला.

"आप्पा, तुमचा राजीनामा मंजूर. पंप चालवून दाखवा आणि खुशाल जा."

"तलावात पानी न्हाई."

"मग पाऊस पडू द्या. आमची कुठं घाई हाय?"

म्हणजे असं झालं की काम नाही म्हणून आप्पांना नोकरी सोडायची होती, आणि काम नसल्यामुळे ती सुटत नव्हती. आप्पा त्या दिवशी पंपाशेजारी बसले ते खुर्चीतही नाही, ओट्यावरही नाही. खाली जमिनीवर बसले.

पण राधाकिशनला हे कलम कळलं आणि तो उठून बसला. पंप चालवून दाखवायला टाळाटाळ होतेय, म्हणजे पंपातली तांब्याची तार चेअरमननं कधीच विकलेली आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. त्यानं पारावर उभं राहून जाहीर केलं की पाण्याची सबब चालणार नाही, पाणी मी आणतो. पंचायत समितीत त्याचा साडू होता. ठरलं असं की गुरुवारी माळवस्तीचे दिवसाचे दोन्ही टँकर संस्थेच्या विहिरीत रिकामे करायचे आणि सगळ्यांसमक्ष पंप चालवायचा.

कुणाच्याच ध्यानात आलं नाही की ते पाणी माळवस्तीच्या पिण्याचं होतं. ध्यानात आलं फक्त केशरबाईच्या. गुरुवारी ती तीस बाया आणि साठ हंडे घेऊन विहिरीच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली की आधी हंडे भरा, मग तुमची राजकारणं भरा. राधाकिशन नियम सांगू लागला, सुंदरराव जनहित सांगू लागले. विठ्ठलराव पुस्तक काढू लागले. तेव्हा आप्पा पुढे झाले.

"केशरबाई, पानी खाली ओतू द्या. वर तुमच्या दारातल्या हौदात पडंल."

"आन न्हाई पडलं तर? वीस फूट खालून कोन काडून देनार? तुमी?"

"मीच की. बादलीनं काडीन आन डोक्यावरून वर आनीन. सगळं."

केशरबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. गेल्या महिन्याभरात आप्पांच्या तोंडाकडे बघून काहीतरी दुसरं शोधत नसलेली ती पहिलीच व्यक्ती असावी. तिनं बायांना बाजूला घेतलं आणि साठही हंडे चढावरून वर न्यायला लावले. पाणी मिळणार की नाही हे ठाऊक नसताना रिकामे हंडे चढवणं, हा आप्पांवर टाकलेला केवढा बोजा होता, तो आप्पांनाच कळला.

टँकर ओतले गेले. विहिरीच्या तळाशी कंबरभर पाणी चमकलं. गावातली माणसं काठावर गोळा झाली होती. निम्मी पंप बंद पडावा म्हणून, निम्मी चालू व्हावा म्हणून, आणि बहुतेकांना आपण कोणत्या निम्म्यात आहोत याचा अंदाज नव्हता. अडतीस अर्जदार एका ओळीत उभे होते. सुंदरराव राधाकिशनच्या हाताकडे बघत होते आणि राधाकिशन सुंदररावांच्या. बटणाजवळ कोण जातो यावर दोघांची पाळत होती. जगदेवीबाईही आल्या होत्या. कुलपातलं एक बरं धोतर त्यांनी त्या दिवशी स्वतःहून काढून दिलं होतं.

पंपाला सुरू होण्याआधी स्वतःला पाणी पाजावं लागतं. आप्पांनी वरचं झाकण उघडून तांब्यानं पाणी ओतलं, हवा निघून जाईपर्यंत थांबले, झाकण आवळलं आणि दांडा हातानं एकदा फिरवला. तो लोण्यासारखा फिरला. तीन वर्षं रोज फिरवलेला होता. मग त्यांनी बटण दाबलं.

पंप आधी खोकला, मग घुमला, आणि त्या आवाजानं खोलीतल्या चिमण्या एकदम बाहेर पडल्या. पाणी पाइपात शिरल्याचं खाली कळत होतं, वर पोचल्याचं कळत नव्हतं. सगळे माळाकडे कान लावून उभे राहिले. पाच मिनिटं गेली. राधाकिशन म्हणाला, तार न्हाई. सुंदरराव म्हणाले, पाइप फोडला कुणीतरी. आप्पा पाइपाशी उभे होते. त्यांचा तळहात पाइपावर होता आणि पाइप गार होत चालला होता.

मग वरून हंड्यांचा आवाज आला. साठ हंडे एकमेकांवर आपटल्याचा. आधी तांबूस गढूळ पाणी आलं, ते बायांनी पाटात जाऊ दिलं. मग निवळ आलं. हौद गुडघाभर भरला. माळवस्तीला पाणी दारात मिळालं, तेही हंडा डोक्यावर न घेता, ही गोष्ट तीन वर्षांत पहिल्यांदा घडली होती. केशरबाई माळाच्या काठावर येऊन खाली ओरडली,

"आप्पा, आसं आसंल तर रोजच द्या की राजीनामा."

त्यावर गाव हसलं. विठ्ठलराव मात्र हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं. टँकरचं पाणी पिण्याचं, पंप शेतीचा. एका खात्याचं पाणी दुसऱ्या खात्याच्या पाइपातून नेता येत नाही, म्हणून तर तीन वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी मंजुरी मिळाली नसती. पण नोकर ताबा देतो आहे आणि त्यासाठी यंत्राची चाचणी चालू आहे, याला कोण हरकत घेणार? त्यांनी वहीत लिहिलं, 'ताबा देण्यापूर्वीची चाचणी. अपूर्ण. उद्या पुन्हा.'

शुक्रवारी पुन्हा लिहिलं. शनिवारी पुन्हा. राधाकिशननं हरकत घेतली नाही, कारण टँकर त्यानं आणला होता. सुंदररावांनी घेतली नाही, कारण पंप त्यांचा होता. दोघांनीही माळवस्तीच्या भिंतीवर आपापलं नाव रंगवून घेतलं.

आप्पांचा दिवस आता पहाटे सुरू होऊ लागला. दोन वेळा टँकर, दोन वेळा पंप, मध्ये विहिरीत उतरून गाळ काढायचा, सांधे आवळायचे, चढ चढून हौद घासायचा. चांगली धोतरं पुन्हा पेटीत गेली, या वेळी आप्पांनीच ठेवली. संध्याकाळी हात दुखत. जगदेवीबाई तेल लावून देत आणि कपिलधारचा विषय काढत नसत.

हे काम बघून अडतीस अर्जदारांच्या घरात अडचणी उद्भवल्या. कुणाची कंबर धरली, कुणाची म्हातारी आजारी पडली. सटवाला विहिरीत उतरलं की घेरी येत असल्याचं अचानक आठवलं. पंधरा दिवसांत अडतीसही अर्ज परत गेले.

आता आप्पांच्या मनात आलं, जागा आपल्याला हवी आहे आणि दुसऱ्या कुणाला नको आहे, तर राजीनामा कशाला लोंबकळत ठेवायचा. त्यांनी एका कागदावर लिहिलं, 'मला काम मिळाले आहे, म्हणून मी राजीनामा परत घेत आहे.' आणि दुपारच्या टँकरआधी ते कचेरीत गेले.

कागद बघून विठ्ठलरावांचा रंग उतरला. त्यांनी आप्पांना समजावून सांगितलं की राजीनामा आहे म्हणून ताबा आहे, ताबा आहे म्हणून चाचणी आहे, चाचणी आहे म्हणून पाणी आहे. तो परत घेतला की चाचणी संपली. उद्यापासून टँकर खाली आणि बाया चढावर. काम हवं असेल तर आप्पांनी नोकरी सोडलेलीच बरी.

सुंदररावांनी मात्र कागद उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"द्येताना वाटलं, राधाकिशननं पाठीवलं. आता परत घेता? पानी बंद पाडून नाव माझं घालवायचं, ह्येच ना? खरं सांगा आप्पा. ह्ये परत घ्यायला कुनी सांगितलं?"

आप्पांनी सांगायला तोंड उघडलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याकडे त्याच त्या एका वाक्याशिवाय दुसरं काही नाही, आणि ते इथं एकदा नापास झालेलं आहे. तेवढ्यात दारात केशरबाई येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"सुंदरराव, चौकशी तुमची सावकाश चालू द्या. टँकर येऊन उभा हाय. आमच्या आप्पाला सोडा."

आप्पांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि पंपाकडे चालू लागले. विठ्ठलरावांनी वही ओढून आजची तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, 'अपूर्ण.' आणि ही बाई नक्की कोणत्या पॅनलची, हे बघायला सुंदररावांनी खिडकीतून मान बाहेर काढली.